फळ्यापाशी एकटी

शिक्षणसेवक म्हणून नेमणूक झाली तेव्हा मला वाटत होतं, गणित शिकवायचं म्हणजे गणितच शिकवायचं. श्रीवर्धनच्या अलीकडे, समुद्राला लागून असलेल्या कोळीवाड्यातली शाळा आणि दहावीचा वर्ग. मी पेणकडची, भातशेतीच्या घरातली. वारा, गलका, सुक्या मासळीचा वास, सगळ्याची हळूहळू सवय झाली. पण एका गोष्टीनं माझं डोकं रोज फिरायचं. त्या वर्गात कोणी कोणाला अडू द्यायचं नाही.

एखादीला फळ्यापाशी उभं केलं, ती जरा थबकली, की मागच्या बाकावरून उत्तर हजर. मी वळून बघावं तर सगळे साळसूद. दम दिला, बाक बदलले, पोरांना दारात उभं केलं. दारातूनही उत्तर आलं. "प्रयत्नांती परमेश्वर" यावर मी तासभर बोलले, तर पोरांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

याचा सगळ्यात जास्त तोटा होत होता तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीचा. हुशार म्हणावी अशी नव्हती, पण मठ्ठही नव्हती. फक्त एकही उदाहरण तिनं स्वतः शेवटापर्यंत नेलेलं नव्हतं, कारण कोणी नेऊच दिलं नव्हतं. तिच्या घरी ठरलं होतं: दहावी पास झाली तर श्रीवर्धनला कॉलेज, नाहीतर आईबरोबर बाजारात बसायचं. मोठ्या बहिणीचं तसंच झालं होतं. "मना नाय बसायचं, बाई," एवढंच ती मला एकदा म्हणाली होती.

मुख्याध्यापकांकडे गाऱ्हाणं नेलं. त्यांची सुपारीची वाडी होती. हसून म्हणाले, "बाई, रोप लावलं की नुसतं पाणी घालायचं. मूळ धरलं का म्हणून रोज उपटून बघू नये." त्यांचं काय जातं, बोर्डाची परीक्षा माझ्या वर्गाची होती.

त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर किनाऱ्यानं येत होते. भरती चढत होती आणि एक होडी वर ओढायचं चाललं होतं. माझ्याच वर्गातल्या पोरापोरींनी दप्तरं वाळूत फेकली आणि होडीला खांदा लावला. ती कोणाच्या घरची, हे कोणी विचारलं नाही. एक म्हातारी माझ्यावरच खेकसली, "बगत काय रावलाव बाई, हात लावा!" मी साडी खोचून हात लावला. तळहात सोलवटले.

वर्गातली कुजबुज कुठून येते ते तेव्हा कळलं. कळलं म्हणून राग गेला असं मात्र नाही, उलट वाढला. किनाऱ्यावर लागलेली ही सवय बाकावर बसून कशी सुटणार होती?

दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीकडे बोट दाखवून सरळ सांगितलं, "होडीला हात लावता तसा गणिताला लावायचा नाही. परीक्षेला हिच्या शेजारी परक्या शाळेची पोरं असतील."

मागचा एक दांडगा पोरगा उठला. "मंग काय, बाई, तिला एकटीला बुडू द्यावं?"

मी म्हणाले, "बुडत नाही ती. नाकातोंडात थोडं पाणी जाऊ दे." वर्ग हसला, पण त्या दिवसापासून तोंडं मिटली. का मिटली कोण जाणे, पण मिटली.

मग मी तिला फळ्यापाशी बोलावलं. वर्गसमीकरण दिलं, बाराचे अवयव पाडायचे होते. तिनं सहा आणि दोन घेतले. जुळेना. पुसलं. बारा आणि एक घेतले. तेही जुळेना. वर्ग श्वास रोखून गप्प. त्या दांडग्यानं तर स्वतःच्या तोंडावर वही धरली होती. ती पुन्हा सहा-दोनाकडे वळली आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. समोर दिसतंय, अगं समोर दिसतंय! माझे हात शिवशिवले. घड्याळाचा काटा, अपुरा राहिलेला धडा, पूर्वपरीक्षा, सगळं डोक्यात चढलं.

"चार घे! चार आणि..."

फळ्यावरचा खडू थांबला. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"बाई, तुमी तरी गप रावा. मना जमतंय."

वर्गात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चाळीस पोरांना जमलं होतं ते मला पाच मिनिटं जमलं नव्हतं, आणि मी वर्षभर चिकाटीवर भाषणं ठोकत होते. कान तापले. मी खुर्चीत बसले.

तिनं फळ्यावरचं सहा-दोन तळहातानं पुसून टाकलं आणि पहिल्यापासून मांडायला घेतलं. चिन्ह चुकलं. मला दिसलं. मी ओठ दाबून धरले.