टेकवलेली सुई

सुईताईंच्या नाकावर राग असायचाच, पण त्या सकाळी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी सरळ सांगितलं होतं की तुमच्या नव्या सुयांनी काही निकाल निघत नाही. या आठवड्यात तुमचं सुया करायचं टेबल बंद, पुढं तयार सुया आणू.

सव्वीस वर्षं ताई त्या प्रयोगशाळेत काचेची नळी तापवून, ताणून तिची सुई करत होत्या. सुईत प्रथिनाचा थेंब भरायचा, विजेचा दाब द्यायचा, की टोकातून तुषार उडून यंत्रात जातात आणि यंत्र प्रथिनाचं वजन सांगतं. टोक जितकं बारीक, तितके तुषार बारीक, आणि प्रथिनाला चिकटणारं मीठ तितकं कमी. यंदा ताईंनी टोक जुन्याच्या दहाव्या हिश्शाइतकं केलं होतं. तरी पडद्यावर वजनाच्या टोकदार रेषांऐवजी मिठाचा बसका ढिगारा.

ताईंनी डब्यातल्या वापरलेल्या अकरा सुया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. एकीचंही टोक शाबूत नव्हतं. त्या तडक यंत्राच्या खोलीत गेल्या. सर स्वतःच सुई लावत होते. तुषार उडेना, तसं त्यांनी टोक यंत्राच्या धातूच्या तोंडाला हलकेच टेकवलं. तुषार उडाला आणि पडद्यावर ढिगारा आला.

ताईंचा तोल गेला. मी जीव ओतून केलेलं टोक तुम्ही मोडता आणि वर मलाच नावं ठेवता, असं त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं. कुठल्या दीडशहाण्यानं शिकवलं हे, असंही विचारलं.

"तुम्हीच, ताई," सर म्हणाले. "मी इथं शिकायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात. उडेना तर जरा टेकवा, म्हणाला होतात."

खरं होतं. जुन्या जाड सुयांना तेच लागायचं. आणि नव्या सुया देताना, एवढंही यांना कळत नाही का, या तोऱ्यात ताईंनी या टेकवू नका असं कुणाला सांगितलं नव्हतं. राग तसाच होता, पण आता काढायचा कुणावर?

"उठा," त्या म्हणाल्या. "हात न लावता बघा."

त्यांनी नवी सुई भरली, मागून हवेचा किंचित दाब दिला, वीज हळूहळू वाढवली आणि थांबल्या. पडद्यावर एक सडपातळ रेष उभी राहिली, मग शेजारी दुसरी.

टेबल राहू द्या, सर म्हणाले. तरी ताईंना बरं वाटलं नाही. इथं शिकून गेलेली माणसं आज कुठंकुठं बसून, त्यांनी शिकवलं तसं, बारीक सुयांचंही टोक टेकवत असतील.