मास्तरांचा रिकामा डबा

गेल्या रविवारी आमच्या वाचक मंडळात ती जपानी कादंबरी पुन्हा निघाली. जुनी, एकटेपणावरची, मराठीत अनुवाद झालेली. कुणीतरी म्हणालं, "याच पुस्तकावरून एक मास्तर मंडळ सोडून गेले होते ना? फार ताठ माणूस." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. सुरतेतल्या आमच्या मराठी घरांत ही गोष्ट पसरवली मीच. म्हणून आता खरं काय ते लिहितो.

मास्तर आमच्याच सोसायटीत, तळमजल्यावर राहायचे. मराठी शाळेतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, मुलगी परदेशात. माझी बायको अधूनमधून त्यांना डबा पाठवायची. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. मास्तर त्यात मूठभर साखर घालून स्वतः आणून द्यायचे.

कादंबरीवरची पहिली बैठक माझ्या घरी झाली. खमण झालं, चहा झाला, मग मतं. बँकेतले एक गृहस्थ म्हणाले, "पानोपानी उसासे! या माणसाला कामधंदा नाही का काही?" त्यांची बायको म्हणाली, "कुणी दोन वेळा जेवायला बोलावलं असतं, तर कादंबरीच झाली नसती." हशा पिकला.

मास्तर शेवटी बोलले. "जेवायला बोलावतात हो मला, सणावारी. पण डबा परत द्यायला जातो तेव्हा दारात दोन वाक्यं होतात. पुष्कळदा दिवसभराचं बोलणं तेवढंच. हे पुस्तक संपलं आणि मी परत पहिल्या पानापासून सुरू केलं. सोबत वाटली."

सगळे आपापल्या बशीत बघू लागले. मला ते झेपलं नाही, यजमान होतो. मी म्हणालो, "मास्तर, तुम्हाला कादंबरी नको, स्थळ बघायला हवं." पुन्हा हशा. मास्तरही हसले. खमणची बशी मात्र तशीच हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी ते आमचा डबा घेऊन आले. साखर होती. बायको देवळात गेली होती. "थोडा वेळ बसू का? कालचं जरा बोलायचं होतं," ते म्हणाले. दार न सोडता मी म्हणालो, "आत्ताच बारडोलीला निघालोय, लग्न आहे." लग्नबिग्न नव्हतं. अंगात बनियन होता आणि आत मॅच लागली होती. तिचा आवाज बाहेर येत होता.

"बरं, या जाऊन," म्हणाले.

पुढचा डबा वॉचमनच्या हाती परत आला. घासलेला, कोरडा, रिकामा. बायकोला फार लागलं. "काय चुकलं हो आपलं?" मी म्हणालो, "विद्वान माणूस. आपलं बोलणं हलकं वाटतं त्यांना." मास्तर मंडळात यायचे थांबले, तेव्हा तिथेही तेच सांगितलं. रिकामा डबा म्हटल्यावर कुणाला दुसरा पुरावा लागला नाही. बायकोनं डबा पाठवणं बंद केलं. पुढे फ्लॅट विकून मास्तर गेले. कुठे, हे मी विचारलं नाही.

ते ताठ नव्हते. ते माझ्या दारात आले होते.

आता माझीही बायको नाही. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेन मला डबा देतात. परवा साखर घालून परत द्यायला गेलो. "अरे काका, साखर कशाला?" म्हणत त्यांनी डबा घेतला. मी उभाच राहिलो. त्यांचा एक हात दारावर होता.

"काका, कंई काम हतुं?"

"नाही," म्हणालो आणि जिना उतरलो.