पाणी बघून अभ्यास

पुस्तक उघडण्याआधी ती समुद्राकडे बघायची. मान जरा तिरकी, पेन कानावर. मग मला विचारायची, "काका, पानी कसा हाय?"

तुम्ही नागावला आला असाल तर बोटीचं तिकीट तिच्याकडूनच घेतलं असेल. बोटी चुलत्याच्या, तिकिटांचं टेबल तिचं, आणि शेजारी माझी चहाची टपरी. बी.कॉम. झालेल्या या मुलीला एमबीएची प्रवेश परीक्षा द्यायची होती. एकदा थोडक्यात हुकली होती. क्लासवाल्यांनी दिलेलं वेळापत्रक तिने आठवड्यात मोडीत काढलं. "आपला वेल आपल्या हातात न्हाय काका, पान्याच्या हातात हाय."

मग तिने स्वतःचं वेळापत्रक केलं, तिथीवर. पुनवे-अवसेच्या उधाणाला पाणी सुरूच्या झाडांपर्यंत चढतं, बोटी बंद. त्या दिवशी घड्याळ लावून पुरा पेपर. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, पाणी सुस्त, गिऱ्हाइकांची रीघ. तेव्हा दोन तिकिटांच्या मध्ये इंग्रजीचे शब्द. मी चिडवायचो, "मॅनेजर होनार, आनि अभ्यासाला पंचांग?" ती हसायची, आणि शब्द पुटपुटत तिकीट फाडायची.

पावसाळ्यात तिला ताप आला, तो पावसाळा सरला तरी हटेना. मुंबईला नेलं, तिथे रक्ताचा कॅन्सर निघाला. मला वाटलं, आता पुस्तकं गुंडाळली. तिने फक्त वेळापत्रक बदललं. औषध चढवलं की काही दिवस नुसते शब्द, तरतरी आली की गणित. "ही पन भरती-ओहोटीच हाय," फोनवर म्हणाली.

हॉस्पिटलच्या खिडकीतून समुद्र दिसत नव्हता. तरी फोन यायचा, "पानी कसा हाय?" आवाज बारीक होत गेला. शेवटच्या फोनवर मी म्हणालो, "उधान हाय पोरी. बोटी बंद."

"मंग आज पुरा पेपर," ती म्हणाली, आणि नंतर बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला.

परीक्षा तोंडावर आली असताना ती गेली.

परीक्षेच्या दिवशी भांग होता. किनारा माणसांनी भरलेला. टेबलावर चुलता बसला होता, कोणाकडे न बघता तिकिटं फाडत होता. मला तिचा फार राग आला त्या दिवशी, इतकी तयारी करून गेल्याचा. तेवढ्यात चहा घेता घेता एका पाहुण्याने विचारलं, "काका, समुद्र कसा आहे आज?"

"शांत हाय," मी म्हणालो. "आज नुसते शब्द."

मी त्याला आणखी अर्धा कप ओतला.