लूमच्या खडखडाटात

सत्तर सालानंतरची गोष्ट. आम्ही कामतघरला चाळीत राहायचो, मी लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कामाला होतो.

माझी धाकटी बहीण पंधरा-सोळाची. एक दिवस जीव द्यायला निघाली. शेजारणीनं पाहिलं, हाताला धरून घरी आणली. मग चाळीतला जो तो शहाणा झाला. आत्यानं तिला वज्रेश्वरीला नेऊन कुंडात आंघोळ घातली. बापानं शिव्या घातल्या. दवाखान्यातला डॉक्टर मला म्हणाला की तिला एकटी सोडू नका, बोलू द्या, मधे तोंड घालू नका. माणूस बरोबर बोलला. पण बोलायचं कुठं? आमच्याकडे कुणी खोकलं तर पलीकडच्या खोलीतून पाणी विचारायचे. समोर बाप, दारात आत्या.

लूमवर कानाला काही ऐकू येत नाही. आम्ही ओठ बघून बोलायचो. मालकाला त्याच्या तोंडावर शिव्या द्यायचो, त्याला वाटायचं कामाचं बोलतायत. मी बहिणीला घेऊन कारखान्यात गेलो, लूमपाशी समोर उभी केली. दारातच सांगितलं होतं, आत कितीही ओरड, कुणाच्या बापाला ऐकू जाणार नाही.

आधी नुसती रडली. मग ओठ हलले. थोरली बहीण बाळंतपणात गेली होती, आणि तिच्याच नवऱ्याला हिला द्यायचं बापानं ठरवलं होतं. तान्हं पोर परकीच्या हाती कशाला, असा आमच्यात रिवाज.

"दादा, ताईचं पोर मी सांभाळीन. ताईच्या जागेवर मला निजवू नका."

ती बोलत राहिली, मी बघत राहिलो. धागे तुटले, कापड वाया गेलं. मालक ओरडला असेल, मला काय ऐकू येतंय.

घरी येऊन बापाला सांगितलं, हे लग्न होणार नाही. तिला एकदा तरी विचारलंत का?

बाप म्हणाला, "पोरीला काय इचारायचं हाय त्यात?"

मी हटलो नाही. सोयरीक मोडली. ताईच्या सासरच्यांनी तिचं पोर नेलं ते पुन्हा दाखवलं नाही. बाप मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. घर मोडणारा म्हणून भाऊबंद अजून माझ्याकडे बोट दाखवतात. दाखवू देत. मी कुणाच्या पाया पडलो नाही.

बहिणीला आता नातवंडं आहेत. माझे कान लूमनं खाल्ले. ती येते, समोर बसते, आवाज न काढता बोलते. उठताना दर वेळी विचारते, ताईच्या पोराचं काही कळलं का. मी नाही म्हणून मान हलवतो.