दोन तांबड्या रेघांचा कोळी

वेवजीच्या शाळेत रुजू झाले त्याच वर्षीची गोष्ट. शनिवारी सकाळची शाळा सुटली तेव्हा मी पुस्तकांच्या खोलीत, कपाटामागे, जुन्या वह्या बांधत होते. सोबतच्या बाईंना वाटलं मी गेले. त्यांनी बाहेरून कडी घातली आणि तलासरीची जीप पकडली. माझा मोबाइल पर्समध्ये, पर्स वर्गात.

दार बडवून हात सुजले. मैदानात कोणी नव्हतं. पत्रे तापले होते, घशाला कोरड पडली होती. गजांची एकच खिडकी, आणि मधल्या गजावर कोळी.

कोळ्याची मला लहानपणापासून शिसारी. डहाणूच्या घरी कोळी दिसला की मी खोली सोडून जायची. इथे जाणार कुठे? समोरच्या भिंतीला पाठ लावून मी त्याच्यावर नजर ठेवून बसले. तो दिसेनासा झाला असता तर आणखी वाईट. बोटाच्या पेराएवढाही नसेल. अंग फिकट पिवळं, पोटावर दोन तांबड्या रेघा, डोकं पांढरं, डोळ्यांभोवती बारीक लाल वर्तुळं. मी मान हलवली की तोही वळून बघायचा. एक माशी बसली. त्याने जाळ्याशिवायच, एका उडीत ती धरली.

उन्हं कलली तेव्हा पायवाटेने एक म्हातारी लाकडांची मोळी घेऊन जाताना दिसली. मी धावले, गजांतून हात बाहेर काढून ओरडले. कोळी उडी मारून माझ्या मनगटावर आला. हात आत ओढला असता तर ती निघून गेली असती. मी हात तसाच हलवत राहिले.

म्हातारी खिडकीशी आली. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "काय नाय करत तो. उगी राहा." तिने हलकेच फुंकर मारली, तो भिंतीवर गेला. मग तिने कडी काढली.

मी पायरीवर बसून रडले. तिने बोरिंगचं पाणी हापसून दिलं आणि जीप येईपर्यंत रस्त्यावर माझ्याजवळ उभी राहिली.

सोमवारी बाईंनी पुन्हा पुन्हा माफी मागितली. "होतं असं," मी म्हटलं खरं, पण त्या खोलीत जाताना दाराला वीट लावायची सवय मला अजून आहे. तो कोळी म्हणजे मादी होती, नर काळसर आणि पांढऱ्या ठिपक्यांचा असतो, हे पुढे केव्हातरी कळलं. नर मी अजून पाहिलेला नाही.