चित्रातून काढलेला खांब

अठ्ठ्याण्णव साली सावेडीतल्या त्या कन्सल्टन्सीत कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. आत देव नव्हता, जास्मिन भांबळ होती. इमारत बांधायच्या आधी पडद्यावर उभी करायची, हे तिच्या विभागाचं काम. गिऱ्हाईक आलं की मालक देसरडासाहेब म्हणत, "मॅडम, जरा फिरवून दाखवा." इमारत गोल फिरे, गिऱ्हाईक हात जोडी. जास्मिनला शिसारी येई. मी काय गारुडी आहे?

सोनईचे आप्पासाहेब मंगल कार्यालय बांधत होते. हॉलच्या मधोमध खांब बघून त्यांनी नाक मुरडलं. "ह्यो मधी कशाला? पंगत कशी बसायची?"

"छत त्याच्यावरच आहे, आप्पासाहेब," जास्मिन म्हणाली.

"चित्रातून तेवढा काढा हो," देसरडासाहेब हसले. "बांधताना बघू."

जास्मिनने साफ नकार दिला. ती जेवायला गेली अन् साहेबांनी तिच्या हाताखालच्या तुषारकडून खांब पुसून घेतला. रंगीत चित्र लॅमिनेट झालं, खाली जास्मिनचं नाव. भूमिपूजनाला त्याला हार चढला, नारळ फुटला. झालं! पूजलेल्या चित्राला आता हात कोण लावणार? नकाशात खांब होता, पण नकाशा बघतो कोण?

स्लॅबची तयारी सुरू झाल्यावर जास्मिन सोनईला बांधकामावर गेली, तर खांबाच्या सळया जमिनीलगत कापलेल्या. शी!

"पार्टी मोठी आहे, तोंड सांभाळा," साहेब कानाशी लागले.

"चित्राखाली नाव माझं आहे, साहेब." ती शेजारी उभ्या आप्पासाहेबांकडे वळली. "इथं पहिलं लग्न कुणाचं?"

"आमच्या नातीचं."

"मग बोहलं इथंच मांडा, या कापलेल्या सळयांवर. वर छताला आधार काही नाही. मी अक्षता टाकायला येईन, पण बाहेरूनच टाकीन."

आप्पासाहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. "खांब घाला," ते साहेबांवर खेकसले.

नातीच्या लग्नात साहेब चारचौघांत सांगत होते, "खांब आमच्या आग्रहामुळं बरं का!" जास्मिन पंगतीत जाऊन बसली. समोर तो खांब होता. त्याला खिळा ठोकून तेच बिनखांबाचं चित्र टांगलं होतं, ताजा हार घालून. येणारा-जाणारा नमस्कार करत होता.

आप्पासाहेबांच्या पत्नी छबूबाई बुंदी वाढायला आल्या. "बाई, खाली तुमचंच नाव हाय न्हवं? लई झ्याक चित्र!"

जास्मिनने पानावर हात आडवा धरला.