घट्ट बसलेला तवा

चालू सिलिंडर हाताला गार लागतो. आतला द्रव गॅस होऊन बाहेर पडताना सिलिंडरच्या पत्र्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणून. गॅस जोरात चालू असेल तर सिलिंडरला बाहेरून घाम फुटतो. आमच्या लाइनमध्ये ही पहिल्या आठवड्यात शिकायची गोष्ट.

त्या दुपारी बेलापूरच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये मी ग्रिलखालचं दार उघडलं, सिलिंडरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. सिलिंडर तापलेला होता. नुसता कोमट नाही. चहाचा भरलेला स्टीलचा पेला धरवत नाही, तसा.

अर्ध्या उंचीच्या भिंतीपलीकडे हॉलमध्ये साठ माणसं जेवायला बसली होती. त्यात लहान मुलं होती. आणि हे सगळं मीच करून ठेवलेलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तुर्भ्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस फिटर होतो. हॉटेलं, कॅन्टीन, हॉस्पिटलची किचन्स यांना लागणाऱ्या शेगड्या, भट्ट्या, टेबलं आम्ही बनवायचो आणि दुरुस्त करायचो. बेलापूरला तेव्हा एकामागून एक ऑफिसं येत होती आणि ऑफिसांमागून हॉटेलं.

त्यातलंच एक जनार्दन कोळ्यांचं. जनाशेठ दिवाळे गावचे. घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी. त्यांनी मेन रोडला गाळा घेऊन हॉटेल काढलं होतं. किचन सांभाळायच्या त्यांच्या थोरल्या वहिनी, यमुनावहिनी. निम्मं आयुष्य त्यांनी जेट्टीवर मासे विकले होते. आता त्या तेच मासे भाजत आणि तळत होत्या.

भाजायला होतं एक जुनं गॅस ग्रिल. जनाशेठनी ते मुंबईच्या दारूखान्यातून, जिथे जुन्या बोटी तोडतात तिथल्या भंगारातून आणलेलं, मोडीत काढलेल्या कुठल्या तरी बोटीच्या किचनमधलं. खाली चार बर्नर, वर बिडाची जाड जाळी, मागच्या पत्र्याला धूर जायला आडव्या खाचा. बर्नरखाली कपाट आणि त्या कपाटात दोन सिलिंडर, एक चालू आणि एक भरलेला स्पेअर. सिलिंडर बाहेर ठेवा, असं मी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. "करू, करू," ते म्हणाले. मीही पुन्हा विषय काढला नाही.

त्यांचा भाचा बोटीवर नोकरीला होता. त्याने परदेशातून दोन नव्या अ‍ॅटॅचमेंट आणल्या. एक मोटरवर फिरणारी सळई. तिला कोंबडी किंवा अख्खा मासा लावायचा, तो आपोआप फिरत भाजला जातो. दुसरी ग्रिडल, म्हणजे लोखंडाचा मोठा सपाट तवा. जाळी काढायची आणि तिच्या जागी हा ठेवायचा. दोन्ही वस्तू नव्या मॉडेलच्या. या म्हाताऱ्या ग्रिलच्या मापाच्या नव्हत्या.

"मिस्त्री, शनिवारी माझ्याकडे एका ऑफिसची पार्टी आहे," जनाशेठ म्हणाले. "साठ पानं. तव्यावर एका वेळी तीस तुकड्या पडल्या पाहिजेत. आणि फट अजिबात नको. तेल खाली बर्नरवर गळतं."

मी मापं घेतली. तवा ग्रिलच्या तोंडापेक्षा थोडा लहान होता, म्हणून चारी बाजूंनी लोखंडी अँगलची चौकट वेल्ड केली आणि त्यात तो बसवला. असा बसला की कडेने पोस्टकार्डसुद्धा आत जाईना. सळईच्या मोटरला आधार हवा होता. तिची पट्टी मी मागच्या पत्र्याला बोल्ट मारून लावली. भक्कम जागा तेवढीच होती.

आमचे मालक कारखानीस साहेब स्वतः येऊन बघून गेले. चौकटीवरून बोट फिरवून म्हणाले, "सावंत, पाणी ओतलं तरी गळणार नाही."

मला बरं वाटलं. मी चारही बर्नर पेटवले, दहा मिनिटं चालवले, तव्यावर पाण्याचे थेंब उडवून बघितले. टेस्ट ओके. जॉब कार्डवर सही केली.

कुठलाही बर्नर जळतो तेव्हा त्याला खालून हवा लागते आणि वरून धूर बाहेर जावा लागतो. आपल्या चुलीचंही तेच. या ग्रिलला धूर जायला दोन वाटा होत्या, वरची जाळी आणि मागच्या खाचा. जाळीच्या जागी मी तवा बसवला होता. खाचांवर मोटरची पट्टी. एकेक काम सुटं बघितलं तर बरोबर होतं. दोन्ही मिळून मी बोटीवरच्या त्या ग्रिलचं नाक आणि तोंड बंद केलं होतं, आणि कोंडलेल्या धगीला खाली कपाटाकडेच वाट उरली होती. हे मला आज दिसतं. त्या दिवशी मला फक्त घट्ट फिटिंग दिसत होतं.

शनिवारी जनाशेठनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. नवीन वस्तू आहे, काही अडलं तर माणूस हाताशी असावा म्हणून. साडेबाराला बर्नर पेटले. सुरमई, बोंबील, कोळंबी. तव्यावर वहिनींचा हात चालत होता तो बघत राहावं असा.

अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, "मिस्त्री, माज्या पायांना धग लागतेय. पयले असं नव्हतं."

"नवीन आहे वहिनी. सवय होईल," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढची तुकडी उलटली.

नंतर मला वास आला. मसाल्याचा नाही, प्लास्टिकचा. मी खाली वाकून बर्नरकडे बघितलं. ज्योत निळी असायला हवी. ती पिवळी झाली होती आणि वर जायच्या ऐवजी आडवी, पुढे झुकत होती. तेव्हा मी कपाटाचं दार उघडलं आणि सिलिंडरला हात लावला.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला फोटो दाखवले होते. तापलेल्या सिलिंडरमधला दाब वाढत जातो, आणि पुढे काय होतं त्याचे फोटो. एका फोटोत किचनची भिंत अख्खी बाहेर पडलेली होती आणि कोपऱ्यात एक चप्पल होती. मला त्या क्षणी भिंत आठवली नाही, चप्पल आठवली.

मी पहिल्या बर्नरचं बटण फिरवलं. बटण मऊ झालं होतं. ते नुसतं गोल फिरत राहिलं, आतली दांडी हललीच नाही. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याला हात घालणार तेवढ्यात बटणांच्या मागून, पुढच्या पत्र्याच्या फटीतून, ज्योत बाहेर आली. हातभर लांब. आत हवा मिळत नव्हती, म्हणून ती हवा शोधत बाहेर आली होती. ती खाली वळून कपाटाचं दार चाटायला लागली.

जनाशेठ धावत आले. त्यांनी तवा उचलायचे लोखंडी आकडे हातात घेतले.

"जनाशेठ, हात लावू नका!" मी ओरडलो. कोंडलेल्या आगीवरचं झाकण एकदम काढलं की ती वर उसळते, आणि तव्यावर तेल होतं. "आधी माणसं बाहेर काढा. सगळी."

"काय सांगू त्यांना?"

"काहीही सांगा!"

ते हॉलमध्ये गेले. मला त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी गोड, "मंडळी, गरम गरम वाढायच्या आधी बाहेर एक ग्रुप फोटो होऊन जाऊ द्या!" खुर्च्या सरकल्या. कोणीतरी हसलं. एक बाई मुलाला म्हणत होती, अरे केस नीट कर. साठ माणसं हसत हसत रस्त्यावर गेली.

आता गॅस सिलिंडरवरच बंद करायला हवा होता. सिलिंडरच्या डोक्यावरची चावी उजवीकडे फिरवायची, एवढंच काम. पण चावी कपाटात आणि कपाटाच्या तोंडावर ज्योत.

खरं ते सांगतो. मी पुढे गेलो नाही. मागे सरकलो. दोन पावलं, तीन पावलं. किचनचं मागचं दार उघडं होतं आणि माझी पाठ त्या दारात होती. मी ठरवून गेलो नव्हतो. पाय गेले होते. डोक्यात बायको होती, नेरूळचं घर होतं, आणि एकच विचार होता की हा आत्ता फुटेल.

वहिनी ग्रिलपासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी कोपऱ्यातल्या मासळीच्या क्रेटवरची गोणपाटं ओढली. बर्फावर घातलेली, पाण्याने निथळत होती. एक त्यांनी स्वतःच्या हाताला गुंडाळायला घेतलं.

"मिस्त्री, चावी कुटं हाय ती सांगा. मी फिरवते."

"वहिनी, बाजूला व्हा!"

"सांगता का नाय? कंच्या बाजूला फिरवायची?"

त्या आवाजात घाई नव्हती. जेट्टीवर भाव सांगावा तसा आवाज. मी त्यांना बाजू सांगितली असती तर त्या गेल्याच असत्या. आणि दोन सिलिंडरपैकी कुठला चालू, हे त्यांना माहीत नव्हतं.

मी पुढे आलो. त्यांच्या हातातलं गोणपाट घेऊन उजव्या हाताला गुंडाळलं. दुसरं त्यांनी दोन्ही हातांनी पडद्यासारखं ताणलं आणि ज्योतीच्या खाली, माझ्या डोक्यावर धरलं. मी गुडघ्यांवर बसून कपाटात शिरलो. वर गोणपाट चरचरत होतं, बर्फाचं पाणी माझ्या मानेवर गळत होतं. चावी सापडली. फिरेना. मला वाटलं, डावीउजवी चुकली. पंचवीस वर्षांचा असल्यापासून रोज फिरवलेली चावी, आणि मला बाजू आठवेना. डोळे मिटले आणि हाताला आठवू दिलं. चावी फिरली. एक फेरा, दुसरा, मग अडली.

ज्योत लगेच विझली नाही. नळीत उरलेला गॅस जळत होता. मी मनात आकडे मोजत होतो. नऊला ती निळी झाली, मग एकदा फुस्स करून आत गेली.

पुढचं सगळं भराभर झालं. जनाशेठनी आणि मी नळी सोडवली, दोन्ही सिलिंडर मागच्या अंगणात ओढले आणि क्रेटमधलं बर्फाचं पाणी त्यांच्यावर ओतत राहिलो. चालू सिलिंडरची रबरी नळी मी बोटाने दाबून बघितली. बोटाचा ठसा तिच्यावर तसाच राहिला. आणखी किती मिनिटं ती टिकली असती, हा हिशोब मी केला नाही.

मी उलट्या क्रेटवर बसलो. वहिनींच्या डाव्या मनगटावर मोठा फोड आला होता. तो हात बर्फात बुडवून त्या शेजारी बसल्या.

"तुमी पयले दाराकडं गेलात," त्या म्हणाल्या. रागाने नाही.

"हो."

"मी पन जानार होते. पन तुमी वाट अडवून उभे."

मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही. मी त्यांच्या मनगटावर आणखी बर्फ ओढला.

पाहुणे आत आले, रॉकेलच्या दुसऱ्या शेगडीवर तळलेले मासे जेवले आणि उशीर झाला म्हणून कुरकुरले. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सोमवारी कारखानीस साहेबांनी रिपोर्ट मागितला. मी लिहून दिला. त्यांनी वाचला आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

"सावंत, कस्टमरने टेस्टपेक्षा जास्त वेळ चालवलं, असं लिही."

"साहेब, हॉटेल आहे. दहा मिनिटं कोण चालवतं?"

"मग कारण काय लिहायचं?"

"लिहिलंय. धूर जायच्या दोन्ही वाटा मी बंद केल्या."

त्यांनी रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचला. ते चांगल्या कामाचं कौतुक करणारे गृहस्थ होते, आणि ते कौतुक त्यांनी स्वतः बोट फिरवून केलेलं होतं. शेवटी म्हणाले, "बरं. आता दुरुस्त कसं करणार?"

तवा मी चौकटीसकट दोन्ही बाजूंनी कापला. चार-चार बोटं फट ठेवली आणि तेलासाठी कडेला पन्हळ केली. मोटरची पट्टी मागून काढली, बाजूच्या पत्र्याला अँगलचा आधार दिला आणि तिथे बसवली. सिलिंडर अंगणात गेले, तिथून भिंतीतून पाइप आत आणला. या वेळी जनाशेठ "करू, करू" म्हणाले नाहीत. पुन्हा पेटवायची वेळ आली तेव्हा माझ्या तीन काड्या वाया गेल्या. चौथी वहिनींनी पेटवून दिली. त्यानंतर बरेच दिवस घरची शेगडीसुद्धा बायकोच लावायची. मी काही बोललो नव्हतो, तिने विचारलं नव्हतं.

रिटायर होईपर्यंत मी हेच काम केलं. जुन्या मशिनवर कुठलीही नवी वस्तू बसवली की तासभर पूर्ण आचेवर चालवायची आणि समोरून हलायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. गिऱ्हाइकं वैतागायची. विचारायची, "तासभर कशाला थांबता? नीट बसलंय ना?"

"नीट बसलंय, म्हणूनच थांबतोय," मी सांगायचो.